सुभेदार आबांची शिट्टी

सुभेदार आबांच्या लेखी जगात परीक्षा एकच, भरती. फौजेतून पेन्शनीत आल्यापासून ते उंब्रजजवळच्या आमच्या गावातली पोरं पहाटे शाळेच्या पटांगणावर पळवायचे. मला एम.टेक.ला जायचंय हे कळल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "पळायचं किती असतंय?"

"पळायचं नसतं, आबा. कॉम्प्युटरचं शिक्षण आहे."

"बिनपळायची भरती मी न्हाई बघितली. सकाळी ये."

गेले. सांगलीहून बी.ई. होऊन आलेली, घरातली पहिली पदवीधर मी, मिसरूड फुटलेल्या पोरांमागं धापा टाकत पळायला लागले.

पदवी, टक्के, सगळ्या अटींत मी बसत होते. अडलं होतं प्रवेश परीक्षेवर. पहिल्या खेपेला आपटले होते. वडील म्हणाले होते, "आणि एकदा बघ. न्हाईतर साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरला माणूस पायजेच हाय."

एकदा पळता पळता आबांनी विचारलं, "मागं चुकलं कुठं?"

"येत नव्हती ती उत्तरंही ठोकून दिली. चुकलं की मार्क कापतात."

आबा थांबलेच. "आगं, मग हे फायरिंगच की! टारगेट दिसंना तर घोडा दाबायचा कशाला?"

तेव्हापासून पळून झालं की मी शाळेच्या पायरीवर जुने पेपर सोडवायची आणि आबा मागं उभे. पेन जरा घुटमळलं की शिट्टी.

"दिसतंय?"

"नाही, आबा."

"मग बंदूक खाली!"

पोरं लय हसायची.

दुसऱ्या खेपेला परीक्षेत एक प्रश्न अगदी ओळखीचा वाटला. हात उत्तराकडं गेलाही. तेवढ्यात कानात शिट्टी वाजली. दिसत नव्हतं. सोडला. असे बरेच सोडले, आणि दिसले ते एकूण एक टिपले.

एम.टेक.ला नंबर लागला. भरती झालेल्या पोरांची गावात उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. आबांनी माझीही काढली. पुढं हलगी, वर गुलाल. हलगीपुढं माझे वडील नाचत होते, काट्याचं नावही न काढता. चौकात कुणीतरी ओरडलं, "आबा, पोरगी कुठल्या रेजिमेंटला?"

"काम्प्युटर!" आबा छाती काढून म्हणाले. "अन् पयल्या फळीत!"

रात्री मी गुलाल अंगावर तसाच ठेवून झोपले. पहाटे खिडकीखाली शिट्टी वाजली.

"आबा, झाली की भरती!"

"झाली म्हणूनच. टिरेनिंग आता सुरू हुतंय. ऊठ!"