चांदीपच्या ओट्यावर मांडलेल्या नक्ष्या

विरार स्टेशनाबाहेर टमटममध्ये बसले तेव्हा मांडीवरच्या पिशवीत माझं अख्खं वर्ष होतं. पुठ्ठ्यांवर काळ्या शाईनं काढलेल्या नक्ष्या. काही अगदी साध्या, काही मध्यम, काही इतक्या दाट की शिरलेली नजर बाहेरच येऊ नये. नक्षी किती गुंतागुंतीची असली की माणसाला सुंदर वाटते, हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. कॉलेजातल्या मुलांनी बहुतेक मधल्याच निवडल्या होत्या. "सगळी तुझ्याच वर्गातली. बाहेर विचार, नाहीतर विषय बदल," सरांनी बजावलं होतं.

तेव्हा विरार पूर्वेला इमारती संपल्या की लगेच भातशेती लागे. चांदीप गावात उतरताना पिशवीचा बंद तुटला आणि पुठ्ठे धुळीत पसरले. "रांगोळीचं दुकान काढता का काय, ताई?" टमटमवाला हसला; पण उतरून गोळा करू लागला.

मैत्रिणीच्या मावशीनं आधी तांदळाची भाकरी आणि कोलमाची (बारीक सुक्या जवळ्याची) चटणी वाढली. मग शेजारणींना हाक मारली. ओट्यावर मी पुठ्ठे मांडले. "यातली सुंदर कोणती?"

"सगल्याच छान."

दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. एक तर पदर सावरत म्हणाली, "चुकलं तर मास्तरीनबाई हसनार आमाला."

मी कोरी वही मिटली. पुठ्ठे आवरता आवरता सहज बोलून गेले, "बरं, घरात एकच लावायची झाली तर?"

शेजारणींतल्या हिराबाईनं झटकन सगळ्यात दाट नक्षी ओढली. "ही! रोज बगितली तरी कायतरी नवं गावंल."

"तुज्या घरात तुमी दोगंच," तिची थोरली जाऊ म्हणाली. "माज्याकडं पोरं, सुना, कोंबड्या. मला भिंत तरी मोकळी पायजे." तिनं साधी नक्षी छातीशी धरली.

मग जी जुंपली! मधली निवडणाऱ्याही निघाल्या. पण एकीचंही उत्तर मला खूश करण्यासाठी नव्हतं. मी भराभर लिहीत होते आणि हसू आवरत नव्हतं.

परतताना विरारला दोन वडापाव खाल्ले. कित्येक दिवसांनी खरी भूक लागली होती.

"आलेख वाकडा आलाय, इथे मधल्याच जिंकल्या नाहीत," सर म्हणाले. पण विषय तोच ठेवला. एवढं वर्ष मी नक्षीतल्या रेषा मोजत होते. बघणारीच्या घरात किती गर्दी आहे, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.