शेळीनं खाल्लेल्या चिठ्ठ्या आणि ट्रान्स्फर केसचं तेल

गेल्या शुक्रवारी वडूजला आमच्या शेळीनं माझी नोकरी जवळजवळ खाल्लीच होती. आता लिहिताना हसू येतं… त्या दिवशी घास उतरत नव्हता.

मी डॉक्टरसाहेबांच्या जीपवर ड्रायव्हर आहे, हे तुम्हा मित्रांना ठाऊक आहेच. लढाई संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे लिलावात निघालेली ही गाडी. दर शनिवारी साहेबांना घेऊन म्हसवडकडच्या वाड्यांवर जायचं असतं. वाटेत माणगंगेची कोरडी वाळू लागते. तिथं चारही चाकांना जोर मिळाला नाही, तर गाडी जागची हलत नाही.

तो जोर वाटून देते ती ट्रान्स्फर केस… गिअरबॉक्सला मागून चिकटलेली लोखंडी पेटी. तिच्यातून आवाज यायला लागला, म्हणून जुनं तेल काढून टाकलं. साहेब म्हणाले, "ही पेटी गेली तर दुसरी मिळायची नाही. मग गाडीही नाही आणि ड्रायव्हरही नको."

रागावून नाही, सरळ म्हणाले. पण मला मुंबईच्या गिरणीतला थोरला भाऊ दिसायला लागला. त्याच्या खोलीत आधीच अकरा जण झोपतात… आणि इथं आई एकटी.

गुरुवारी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला जाऊन तेल आणलं. दुकानदारानं पिंपांतून दोन डबे भरून दिले. दोन्ही तेलं दाटपणाच्या नव्वद नंबरची, दोन्ही काळपट. एक गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केससाठी, दुसरं मागच्या-पुढच्या आसांवरच्या डिफरन्शियलसाठी. त्याचं बोलणं मी तिथंच वहीत उतरवून घेतलं.

अदलाबदल नको, म्हणून शुक्रवारी सकाळी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. 'डिफरन्शियल' हा शब्द तीनदा खोडून शेवटी नीट जमला. कणकेची दाट खळ केली, चिठ्ठ्या डब्यांना चिकटवल्या आणि डबे उन्हात वाळायला ठेवले.

हात धुऊन येतो तो काय… दोन्ही डबे ढकलून इकडचे तिकडे झालेले, चाटून लख्ख. शेळीच्या तोंडाबाहेर 'डिफ' एवढाच तुकडा लोंबत होता. कोणता डबा कोणता, काही कळेना. आणि पुन्हा सांगली गाठावी, तर शनिवार हुकणार.

डबे घेऊन गल्लीतल्या हवालदारमामांकडे गेलो. लढाईत बर्मात त्यांनी जीप चालवली आहे. त्यांनी झाकणं उघडून वास घेतला. एका तेलाला गंधकाचा वास होता. "ह्येच जोराचं! पेटीत ह्येच घाल."

"मामा, नक्की?"

"आरं गड्या, डबा वरनं यायचा, आमी वतायचो. त्येच्यावर काय लिवलंय, कोण बगतंय?"

घरी नेऊन ओतायला उचललेला डबा तसाच खाली ठेवला. शेजारचे सुतार सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "एरंडेल घाल. बैलगाडी करकरली तर आमी दुसरं काय घालतो?"

"आवं, बैलगाडीला दोन चाकं. ही चारी चाकांची पेटी," मामा म्हणाले.

"मग दुप्पट घाल की!"

सगळे हसले. मला मात्र रडू यायचंच बाकी होतं. एकाला विचारलं की एक उत्तर, दुसऱ्याला विचारलं की दुसरं… आणि प्रत्येक जण खात्रीनं सांगणारा.

शेवटी मशिदीजवळ दस्तगीरचाचांच्या दुकानात गेलो. ते स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला न्हाई ठावं, गड्या. जीपची पेटी म्या कवा उघडल्याली न्हाई."

मी डबे उचलले.

"थांब की रं! दुकानदार काय म्हनाला, तेवढं वाच."

मी वाचलं, "डिफरन्शियलचं तेल पेटीत घालू नये. आतलं पितळ खाऊन टाकतं."

"मग तेलालाच इचारू. पितळ माझ्याकडं लय हाय."

हे वाक्य मी सकाळपासून चार वेळा वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तपासले होते…

चाचांनी पितळेचे दोन तुकडे घासून उजळ केले. दोन वाट्यांत दोन तेलं घेतली, त्यांत तुकडे बुडवले आणि वाट्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. मला जाळ सांभाळायला सांगून ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी वाट्यांवरची नजर काढली नाही.

परत येऊन त्यांनी चिमट्यानं तुकडे काढून पुसले. एक होता तसाच पिवळा. दुसरा करपल्यासारखा काळा… गंधकाच्या वासाच्या तेलातला.

"चाचा, वाटीच खराब असेल तर?"

"लय शंकेखोर हाईस. वाट्या बदल, पुन्यांदा कर."

पुन्हा केलं. पुन्हा तोच काळा. तेव्हा कुठं घरी येऊन मी गंधकाचा वास नसलेल्या डब्यातलं तेल पेटीत ओतलं.

शनिवारी माणगंगेच्या काठाला आलो आणि दांडा ओढून चारही चाकं जोडली. मी फक्त पेटीचा आवाज ऐकत होतो. गाडी वाळूतून हळूहळू निघाली आणि पलीकडं चढली. साहेबांनी हातातल्या कागदांवरून मानही वर केली नाही. एवढंच म्हणाले, "पुढच्या शनिवारी जरा लवकर निघू."

पुढच्या शनिवारी… मी ते शब्द मनात दोनदा म्हणून बघितले.

संध्याकाळी चाचांचे आभार मानायला गेलो. म्हणाले, "बरुबर झालं का, मला अजून न्हाई ठावं. आवाज आला तर गाडी थांबव आन् मला बोलीव."

जे तेल पितळ खातं, ते डिफरन्शियलला कसं चालतं, हे मलाही अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी उत्तरं देणारे पुष्कळ भेटले. माझ्याइतकंच न कळूनही माझ्याबरोबर शोधत बसले, ते एकटे चाचा. त्यांचे उपकार कसे मानायचे, तेवढं कुणी सांगा.