गावं गुणिले टँकर

"काहून जी, जिल्ह्यातले सगळे टँकर माह्याच गावात येऊन राहिले म्हणता? मंग माही घागर कोरडी कशी?"

चांदूर रेल्वेकडच्या एका गावच्या सरपंच सुनंदाताई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. गावाला टँकर भरपूर, सबब चालू असलेला बंद, असा साहेबांचा आदेश निघाला होता. गावातला तो एकुलता एक टँकर होता.

आदेश साहेबांचा, अक्कल माझी.

अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात मी डेटाबेस सांभाळायचो. सगळी माहिती टेबलांत असते. आमच्याकडे एक टेबल गावांचं, एक टँकरचं. कोणता टँकर कुठल्या गावाला जातो, हे तिसऱ्यात. क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहिताना 'फ्रॉम' शब्दापुढे लागतील ती टेबलं द्यायची. तिसरं भरणारा क्लार्क अकोल्याला लग्नाला गेलेला. म्हणजे ते अर्धवट असणार, असं मीच ठरवलं आणि पहिली दोनच दिली.

आता उपवर मुलांची एक यादी दिली, मुलींची दुसरी दिली आणि कोणाचं कोणाशी जमलंय ते सांगितलंच नाही, तर कॉम्प्युटर काय करतो? प्रत्येक मुलाचं प्रत्येक मुलीशी लग्न लावून मोकळा होतो. माझ्या रिपोर्टात प्रत्येक टँकर प्रत्येक गावात पोचला होता. नापिकीची वर्षं, पाण्याची बोंब, आणि कागदावर पूर! मला वाटलं, वाटप किती समान झालंय.

पुण्याहून बदलून आलेले साहेब तर हरखले होते. "वानखडे, असे आकडे आधी का नाही दाखवलेत?" रिपोर्ट तडक मुंबईला गेला आणि टँकरकपात सुरू झाली.

"संध्याकाळलोक टँकर नाही आला, तं साऱ्या बाया घागरी घेऊन इथंच येतो," सुनंदाताई म्हणाल्या.

मी तिसरं टेबल जोडलं. ते पूर्ण भरलेलं होतं. त्यांच्या गावापुढे एकच टँकर उरला. साहेबांनी घागरींचा विचार करून कपात मागे घेण्याच्या आदेशावर सही केली. संध्याकाळी टँकर पोचला.

"पण मुंबईला गेलेल्या रिपोर्टचं काय?" मी साहेबांना विचारलं.

"पुढच्या महिन्यात खरे आकडे पाठवा. टँकर घटले, म्हणजे परिस्थिती सुधारली."

आठवड्याने सुनंदाताईंनी टँकरच्या पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. "घ्या जी, तुमच्या कॉम्प्युटरले पाजा. तहानेनं बरळून राहिला असंल."

कॉम्प्युटर बरळत नाही. दिलेल्या टेबलांतूनच बोलतो. बरळणारा खुर्चीत असतो, आणि त्याची बढती थांबत नाही. माझी झाली.