कृष्णेतली लांब पोहणी
एरंडेलाचा वास आला की जीव कासावीस होतो. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी कृष्णेत सांगलीच्या घाटापर्यंत लांब पोहायची शर्यत होती. नाव दिलेल्या भावाला पलटणीचं बोलावणं आलं आणि त्याच्या जागी मी उतरले. सराव काय तो विहिरीतला. अंगाला एरंडेल चोळत आई म्हणाली, "दमलीस तर काठाला लाग, पोरी." अर्ध्यातच खांदे भरून आले. काठानं वडील उसातून धावत ओरडत होते, "बास झालं, भाईर ये!" "न्हाई, आबा!" घाटाला हात लागला तरच भाऊ परतेल, असं मनानं घेतलं होतं. पोचले तेव्हा माणसं पांगली होती. वडील तेवढे धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात उभे. भाऊ सुखरूप परतला. झोपेत माझे हात मात्र अजून पाणी कापतात.