हेडलाइटची गाडी उचलत नाही

३ फेब्रुवारीला आमच्या कंपनीतल्या हेडलाइटने सतरा हजार सहाशे पन्नास रोख मोजून कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. पडद्यावरची चित्रं भराभर काढून देणारा हा भाग. तो नसेल तर मोठे खेळ नीट चालत नाहीत. खेळ मुलासाठी नव्हता, नातवासाठीही नव्हता. हेडलाइटला स्वतःलाच खेळायचा होता. त्याचं वय छप्पन्न.

आमची कंपनी मालवाहतुकीची. हेडलाइटने तिथे सव्वीस वर्षं ट्रक चालवला आणि एकाही गाडीला ओरखडा काढला नाही. मग उजव्या डोळ्यात काचबिंदू झाला आणि तो डोळा गेला. एकच दिवा लागलेली गाडी समोरून येते तशी, म्हणून हेडलाइट. नाव गोदामवाल्याने ठेवलं. दोघे बरोबर नोकरीला लागलेले, अरेतुरेतले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडलाइट स्वतःही हसला, त्यामुळे नाव पक्कं झालं.

कंपनीने त्याला काढलं नाही, किल्ल्यांच्या खिडकीवर बसवलं. ड्रायव्हर येऊन गाडीचा नंबर सांगायचे आणि हा मागच्या फळीवरून किल्ली काढून द्यायचा. गाडी मात्र त्याने आवारातसुद्धा हलवायची नाही, असा लेखी हुकूम होता.

दुसऱ्या डोळ्यालाही तेच लागलं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि हा डोळा फार तर वर्षभर टिकेल असं धरून चाला म्हणून सांगितलं. हे त्याने कुणापासून लपवलं नाही.

"अरे, मोतीबिंदू हल्ली चुटकीसरशी काढतात," गोदामवाला म्हणाला.

"मोती नाही रे, काच."

"मोती काय, काच काय, बिंदूच ना शेवटी?"

खेळ त्याने पाहिला तो कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्याच्या खोलीत. हा कॉम्प्युटरवाला तिशीतला, हुशार, कामात चटपटीत. जेवणाच्या सुट्टीत तो पडद्यावर ट्रक चालवत बसला होता. घाट, पूल, आरशात मागची गाडी, सगळं हुबेहूब. किल्ली द्यायला आलेला हेडलाइट तिथेच खिळला. गोदामवाल्याने पाहिलं तर याचा डावा पाय क्लच दाबत होता.

"यात दोन डोळे लागतात का हो?" त्याने विचारलं.

"पडदा सपाट असतो काका. एकात भागतं."

हेडलाइटच्या घरी एक स्वस्तातला कॉम्प्युटर होता. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला. मुलगी लग्न होऊन गेली, कॉम्प्युटर माहेरी राहिला. त्यावर हा खेळ चालेना. म्हणून हे कार्ड. बायको घरी शिलाईकाम करते, तिने ऐकलं आणि मशीन थांबवलं.

"अहो, जो आहे तो डोळा तरी सांभाळा! पडद्याला लावून बसलात तर तोही जायचा."

"तो जाणारच आहे. जायच्या आधी चालवू दे की."

यावर तिने पुन्हा मशीन सुरू केलं.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटरवाल्याने घरी येऊन कार्ड बसवलं. त्याला दुसरीकडे जायची घाई होती. कॉम्प्युटरच्या पाठीला पडद्याची तार लावायला आता दोन जागा झाल्या, एक मूळची आणि एक नव्या कार्डावरची. तार नव्या जागी लावायची असते. त्याने सवयीने जुन्या जागी लावली, खेळ सुरू झालेला पाहिला आणि गेला. एवढं महाग कार्ड आत नुसतं बसून राहिलं. चित्र काढायचं काम पहिल्यासारखंच जुन्या भागावर पडलं, आणि ते त्याला झेपेना.

सोमवारी हेडलाइट कॉम्प्युटरवाल्याच्या खोलीच्या दारात उभा.

"फिटरसाहेब, गाडी उचलत नाही. सपाटीला ठीक. चढ आला की मिसिंग मारते, झटके खाते. वळणावर तर हँडल फिरवलं की गाडी जागची हलत नाही, आणि हलते तेव्हा खड्ड्यात."

आमच्याकडे ड्रायव्हरांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. फिटरने जोडलेल्या कामाला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. काय होतंय ते सांगायचं, गाडी सोपवायची, बाजूला उभं राहायचं. जो स्वतः पाना घेतो त्याचा त्या दिवसाचा पगार कापतात. हेडलाइटचा सव्वीस वर्षांत एकदाही कापला गेला नव्हता. त्यामुळे मागची तार उपसून बघावी, हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं.

कॉम्प्युटरवाल्याच्या ध्यानात चूक तिथल्या तिथे आली. हे त्यानेच नंतर सांगितलं. पण खोलीत गोदामवाला बसला होता आणि त्याच्यासमोर स्वतःची चूक सांगायची नव्हती.

"रॅम कमी पडतेय काका," तो म्हणाला. "आणखी टाकावी लागेल."

"टाका की. तुम्ही म्हणाल तसं."

तो गेल्यावर गोदामवाल्याने खरं काय ते काढून घेतलं आणि टेबलावर थाप मारून हसला. "नको रे सांगूस. बघू तर कुठवर जातो."

हेडलाइटने रॅम आणली. ती बसवताना कॉम्प्युटरवाल्याने तारेला हात लावला नाही. मग त्याने पॉवर सप्लाय बदलायला लावला. उन्हाळ्यात पंखा सुचवला. "म्हणजे रेडिएटर," हेडलाइट खुशीत म्हणाला, "माझा अंदाज तोच होता." प्रत्येक वस्तू कॉम्प्युटरवाल्याच्या ओळखीच्या दुकानातून यायची आणि दुकानदार त्याला त्यातून काही द्यायचा. पण मुख्य कमाई सोमवारची होती. कँटीनमध्ये गोदामवाला जागा धरून ठेवायचा.

"या, हेडलाइटशेठ! गाडीची तब्येत कशी?"

"दुसऱ्या गिअरला जरा बरी वाटली. पण तिसरा टाकला की धापा टाकते."

"इंजिन ऑइल बदललंस का?"

"त्यात ऑइल नसतं," हेडलाइट गंभीरपणे सांगायचा. "मी फिटरसाहेबांना विचारलं."

टेबलावरची माणसं घास गिळायची थांबायची. ठसका लागून एकाला बाहेर न्यावं लागलं. एव्हाना हिशेब विभागापासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना तारेची गोष्ट ठाऊक झाली होती. हेडलाइटला वाटायचं, लोक आपल्या गाडीची चौकशी करतात. तो खुलून सांगायचा.

जुलैत त्याने एका ड्रायव्हरला चुकीची किल्ली दिली. त्याच आठवड्यात दुसऱ्याला. मग तो किल्ली काढून नाकाशी धरू लागला, अंगठ्याने नंबर चाचपू लागला.

"हेडलाइट डिम झाला रे!" खिडकीपुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"डिमच ठेवावा," तो म्हणाला, "समोरच्याला त्रास नको." यावर मोठा हशा झाला.

सप्टेंबरात त्याची बायको स्वतः कंपनीत आली. नवऱ्याला न विचारता आली होती. कॉम्प्युटरवाल्याच्या खोलीत गेली, खुर्ची दिली तरी बसली नाही.

"दादा, ते रोज थेंब घालून त्या पडद्यापुढे बसतात. पाच मिनिटं चालवतात, गाडी अडकते, मग बंद करतात. मला म्हणतात, फिटरसाहेब करतील. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते."

दुसरा माणूस म्हटल्यावर कॉम्प्युटरवाला चपापला. दुसरा माणूस आला असता तर त्याने पाठीमागे एकदा बघितलं असतं आणि सगळं बाहेर पडलं असतं. "या रविवारी नक्की करतो वहिनी," तो म्हणाला. गोदामवाला हे ऐकून म्हणाला, "मीपण येतो. इतके महिने पिक्चर बघितला, शेवट चुकवायचा नाही."

रविवारी दोघे गेले. खोली लहान, एका भिंतीला शिलाई मशीन, समोरच्या भिंतीला कॉम्प्युटर. हेडलाइटने खुर्ची पुसून ठेवली होती. घरात दूध नव्हतं, म्हणून बायको कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

कॉम्प्युटरवाला वाकला, तार उपसली, दुसऱ्या जागी खोचली. खेळ सुरू केला. "झालं."

"एवढ्यात? काय होतं?"

"तार काका. चुकीच्या जागी होती."

"कधीपासून?"

कॉम्प्युटरवाला पडद्याकडे बघत राहिला. गोदामवाल्याला राहवेना. "फेब्रुवारीपासून रे, येड्या! पहिल्या दिवसापासून!" आणि तो पोट धरून हसू लागला.

हेडलाइटने खुर्ची ओढली. खुर्चीत बसला, पुढे सरकला, गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज भरून आला. पहिला, दुसरा, तिसरा. गाडी लोण्यासारखी निघाली. कुठे अडकणं नाही, उडी नाही. घाटाचा रस्ता, कडेची झाडं, झाडांची पानंसुद्धा वेगळी दिसत होती.

"उचलते," तो म्हणाला. "मस्त उचलते." मग मान पुढे काढत, "पण धुकं किती टाकलंय हो यात!"

"धुकं?" गोदामवाला म्हणाला. "भर दुपार आहे तिथे. लख्ख ऊन पडलंय."

गोदामवाल्याला ती थट्टा वाटली. हेडलाइटने नाक काचेला लागेपर्यंत मान पुढे नेली.

"फिटरसाहेब, फॉगलाइटचं बटण कोणतं?"

कॉम्प्युटरवाल्याने त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं.

"हेडलाइटला लाइट पाहिजे!" गोदामवाला म्हणाला, आणि या वेळी एकटाच हसला.

हेडलाइटने वेग उतरवला. डाव्या बाजूची चाकं मातीत गेल्याचा खडखड आवाज आला, त्या आवाजाच्या अंदाजाने त्याने गाडी कडेला घेतली. चारी बाजूंचे दिवे लुकलुकते केले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दाट धुक्यात सापडल्यावर आमच्या ड्रायव्हरांनी जे करायचं असतं, ते सगळं त्याने क्रमाने केलं.

"गाडी एकदम ओके आहे," तो कॉम्प्युटरवाल्याला म्हणाला. "ड्रायव्हर बदलावा लागेल."

बायको चहाचा ट्रे घेऊन पलीकडच्या स्वयंपाकघरातून आली. पडद्यावर घाटाच्या कडेला ट्रक उभा होता, दिवे लुकलुकत होते. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो तिच्या डावीकडे कुठेतरी बघत होता. तिने कप त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, बिस्किटंही घेतली.

उठता उठता गोदामवाल्याने कॉम्प्युटरचे किती घेशील म्हणून विचारलं. हेडलाइट म्हणाला, तू असाच ने. त्याने खरोखर त्याच दिवशी नेला, आणि आता त्याच्या घरी तो खेळ छान चालतो.

ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीने हेडलाइटला मुदतीआधी निवृत्त केलं. किल्ल्यांच्या खिडकीवर दुसरा माणूस आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या रविवारी हेडलाइटच्या बायकोने उधार आणलेल्या दुधाचे आणि बिस्किटांचे पंच्याऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.