सुजलेले गाल आणि रिकामी खुर्ची

केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते रांग लावून येतात, काही तर नंबर सोडून घुसतात! मोताळा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी निवृत्त होईपर्यंत खिडकीवर होतो. शेवटच्या वर्षी तिथं दातांच्या डॉक्टर आल्या, देऊळघाटच्या वानखडे मॅडम. नवी खुर्ची आली, दिवा आला. पेशंट तेवढे येईनात. महिनाभर त्या खुर्चीत फक्त महादेव शिपाई बसला, तोही पुसता पुसता!

*

दात दुखणारे यायचेच, पण कबूल करायचे नाहीत.

"काय होते?"

"ताप आहे, बाबूजी."

"अन् गाल काऊन धरला?"

"तो आपला असाच आहे."

मी सरळ कागदावर 'दंत विभाग' लिहायचो. चुकलो एकदाच. त्या गृहस्थाचा गाल खरंच तसाच होता!

*

एक गुरुजी कागद परत करायला आले. "आठ दिवस दाढ ठणकत होती, आज एकाएकी थांबली. मी बरा झालो."

मॅडमनी तोंड उघडायला लावलं. हिरडीवरची पुळी फुटून पू वाहत होता.

"गुरुजी, वर्गातला दंगा एकाएकी थांबला, तर तुम्ही काय समजता?"

गुरुजी खुर्चीत जाऊन बसले.

*

सुमनमावशींनी सुजलेला गाल तव्यावरच्या फडक्यानं शेकून शेकून लाल केला होता.

"बाहेरून शेकू नका मावशी. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा."

"एवढंच सांगाले एवढी मोठी खुर्ची?"

"नाही, खुर्ची पुढच्या कामासाठी आहे."

मावशी तोवर बसल्या होत्या!

*

हळूहळू खुर्ची भरू लागली, पण खालच्या दातांपुरतीच. वरचा दात काढला की डोळा जातो, यावर आमच्या भागात सर्वपक्षीय एकमत होतं.

अशात रोहिणखेडचे रहीमचाचा आले. रफूचं काम करणारे. वरचा सुळा किडलेला, गाल फुगून डावा डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप. मेडिकलच्या दोन गोळ्यांनी सूज उतरायची, पुन्हा यायची. असं तीनदा झालेलं. मॅडमनी आधी बोट फिरवून नजर तपासली. नजर ठीक होती.

"चाचा, आजच पू काढू, दातही काढू."

"बेटी, माह्यं पोट डोळ्यावर आहे. नुसती दवा दे."

"नुसत्या दवेनं मुळाशी बसलेला पू जात नाही. दात काढून डोळा जात नाही, चाचा. पण हा पू वर चढला, तर डोळ्याचा भरोसा मी देऊ शकत नाही."

सगळी रांग दाराशी लोटली. चाचांच्या डोळ्याला काही झालं असतं, तर मॅडमना तालुक्यात कुणी तोंड दाखवलं नसतं. मॅडमनाही ते ठाऊक होतं. त्यांनी इंजेक्शन भरलं.

चाचांनी डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

पाचव्या दिवशी चाचा हजर! सूज नाही, ताप नाही, डोळा टक्क उघडा. रांगेसमोर त्यांनी खिशातून सुई काढली, चष्मा कपाळावर सारला आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. चाचा तडक आत गेले आणि न विचारता खुर्चीत बसले.

"आता काय झालं, चाचा?"

"उजवीकडचा भी काढून टाक, बेटी. चष्मा पुराच सुटू दे!"