अंगावरून जातंय, एवढं सांगायला

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा," मॅडम म्हणाली.

आम्ही चौदा बायका. अंगात पांढरे कोट, डोक्याला टोप्या, हातात बारक्या कात्र्या. वळलो. मॅडम पाठीमागून एकेकीचा कोट बघत आली. माझ्यामागं थांबली.

"हीच ती."

दिंडोरीकडचं द्राक्षाचं पॅकहाऊस होतं ते. परदेशी जाणारा माल. घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे आणि घड पेटीत लावायचे, हे आमचं काम. मॅडम आमच्यावर देखरेखीला होती. नाशिकहून यायची, इंदिरानगरला राहायची. शिकलेली. वयानं माझ्याएवढीच. त्या दिवशी माल बघायला बाहेरचे पाहुणे यायचे होते. त्याआधी तिला एका स्टुलावर रक्त दिसलं.

"ह्या डोंगरातल्या बायकांना कितीदा सांगायचं? स्वच्छता म्हणून माहीत नाही."

मी रोज अंघोळ करून कामाला यायचे. हे मी बोलले नाही. मी बोलले ते असं, "चुकलं मॅडम."

रक्त माझंच गेलं, आणि माफीही मीच मागितली.

तिनं कोट काढून घेतला. स्टूल बाहेर नळावर नेऊन धुवायला लावलं. अंगणात गडी टेम्पोतून क्रेट उतरवत होते. माझा नवराही त्यांच्यात होता. त्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं. माझी साडी मागून भिजलेली. उभं राहायची सोय नव्हती, म्हणून बसूनच स्टूल घासलं. मॅडम आली, वास घेतला, म्हणाली, "परत." परत घासलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्या दिवसांत कामाला जात जाऊ नको. मला चार माणसांत लाज वाटते."

मी बरं म्हणाले. मलाही त्याची बाजू खरी वाटली.

नव्वद साल उलटून दोनचार वर्षं झाली होती. पेठकडचे आम्ही. भात काढून झाला की कामाला खाली यायचो, मग इकडंच राहिलो. मी विशीतली, पदरात सुमन, माझी एकुलती एक पोरगी. पाळी आली तेव्हापासून माझं असंच होतं. बाकीच्या बायका चार-पाच दिवसांत मोकळ्या व्हायच्या. माझे नऊ, दहा दिवस. चार घड्या करून लावलेला कपडा तासाभरात भिजायचा. जांभळाएवढ्या गाठी पडायच्या. चढ चढताना छाती धडधडायची. कच्चे तांदूळ चोरून खायचे, माती खावीशी वाटायची. सुमनच्या वेळेला इतकं गेलं की दोन दिवस मी शुद्धीत नव्हते. सुईण म्हणाली, जगली हेच नशीब.

दवाखान्यात का गेले नाही, असं आता लोक विचारतात. जाऊन सांगायचं काय? अंगावरून जातंय? ते तर सगळ्याच बायकांचं जातं. ताप सांगता येतो. खोकला सांगता येतो. हे सांगायला तोंडच नव्हतं.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकते. मला लाज वाटते ती पुढचं सांगायची.

सुमन पाचवीला आश्रमशाळेत गेली. तेराव्या वर्षी तिला पाळी आली. त्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तर गालांवर रंग नाही, ओठ पांढरे. चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "आये, माझं लय जातंय. दहा दहा दिवस थांबत नाय. गाठी पडत्यात."

मला माहीत होतं ती काय सांगतेय. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि मी तिला काय म्हणाले? "बाईच्या जातीला असतंच ते. कुणाला सांगू नको."

तिला कपड्याच्या चारऐवजी सहा घड्या करायला शिकवल्या. काळा परकर दिला. माझ्या आईनं मला दिलं होतं तेच मी तिच्या हातात दिलं.

चार महिन्यांनी शाळेतून निरोप आला. मी गेले तर वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई दारातच उभ्या होत्या. पंधरा-वीस पोरी आजूबाजूला. सुमन खाली मान घालून भिंतीशी बसलेली.

"मुलीला वळण लावा जरा. गादी घाण करते. वर नाटकं. म्हणे उठवत नाही."

मी पुन्हा म्हणाले, "चुकलं बाई."

सुमननं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तिला घेऊन मी एसटीच्या थांब्यावर आले आणि तिथंच ती कोसळली. लोकांनी जीपमध्ये घातली. जवळच्या दवाखान्यानं बघताक्षणी नाशिकला पाठवली.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुमनच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन चार निघालं. रक्ताच्या पिशव्या लावल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि विचारायला लागल्या. किती दिवस जातं? तासाला कपडा बदलावा लागतो का? गाठी पडतात का? झोपेतून उठावं लागतं का?

सुमन माझ्याकडं बघायला लागली. सांगू का, असं पोरगी मला विचारत होती.

मी म्हणाले, "सांग."

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "तुमचंही असंच जायचं? बाळंतपणात जास्त गेलं? दात काढला तेव्हा रक्त लवकर थांबलं नाही?"

मी तिन्हीला हो म्हणाले. एवढ्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मला तिथं रडू आलं.

पुढं आणखी तपासण्या झाल्या. रक्त गोठायला लागतं ते एक तत्त्व आमच्या दोघींच्या अंगात कमी. जन्मापासूनच. माझ्याकडून तिच्याकडं आलेलं. त्या म्हणाल्या, "जास्त जातं त्या सगळ्यांनाच हा दोष नसतो. कुणाच्या गर्भपिशवीत गाठ असते, कुणाचं आणखी काही. पण सात दिवसांच्या वर जातं, गाठी पडतात, दम लागतो, तर तपासून घ्यायचं. आणि तासातासाला कपडा भिजायला लागला, चक्कर आली, तर त्याच दिवशी यायचं. ह्यात लपवण्यासारखं काय आहे? आणखी दोन दिवस उशीर केला असतात तर पोरगी हाती लागली नसती."

त्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या दिल्या. अंगदुखीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही, काही गोळ्यांनी रक्त जास्त जातं, हे दोनदा बजावलं. ते सगळं कागदावर लिहून दिलं.

तो कागद घेऊन मी शाळेत गेले. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "ठेवा तिथं, बघते."

"नाय बाई. आत्ता वाचा. पोरींसमोर वाचा. त्यांच्यासमोरच तुम्ही तिला घाण म्हणाला होता."

"माझ्याशी ह्या आवाजात बोलायचं नाही."

"पोरगी आजारी हाय. वाचल्याशिवाय मी जायची नाय."

मी दारात बसले. त्यांनी वाचलं. पुटपुटत वाचलं, पण वाचलं. माफी मागितली नाही. मी त्यासाठी गेलेही नव्हते. बाहेर पडताना एक बारकी पोरगी माझ्यामागं आली आणि म्हणाली, "मावशी, माझं बारा दिवस जातं. मलाबी दवाखान्यात जावं लागंल का?" मी तिला घेऊन परत आत गेले.

मॅडमला मी कधी काही बोलले नाही. ते राहिलं. सुमनला गप बसवलं, ते तर माझंच आहे. ते मी दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलू शकत नाही.

आता सुमन एकोणीस वर्षांची आहे. वणीकडचं स्थळ आलंय. मुलगा बरा आहे, शिकलेला आहे. माझा दीर म्हणतो, "वहिनी, आजाराचं तोंडातून काढू नका. लग्न होऊन जाऊ द्या, मग बघू."

मग बघू म्हणजे बाळंतपणात बघू. खाटेखाली रक्ताचं थारोळं झाल्यावर बघू. मी ते बघून आलेय.

रविवारी पाहुणे येतील. चहाच्या आधी मी बोलणार आहे. बाप्ये बसलेले असतील तरी बोलणार आहे. हिच्या अंगावरून जास्त जातं. रक्ताचा दोष आहे. गोळ्या चालू आहेत. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं, आधी डॉक्टरला सांगून करायचं. हे कबूल नसेल त्यांनी उठावं.

सुमन तिथंच बसेल. मी तिला आत पाठवणार नाही.